वाफेच्या इंजिनाची एक्झॉस्ट वाफ बॉयलरचं पाणी तापवायला वापरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची भातगिरणी आहे, तुसावर चालणारा २ टनी (तासाला २ टन वाफ देणारा) बॉयलर आहे, दाब १० किलो (दर चौरस सेंटीमीटरला). त्यावर वाफेचं जुनं इंजिन चालतं आणि इंजिनातून सुटलेली वाफ छपरावरून हवेत जाते. ती वाफ बॉयलरच्या पाण्यात घातली तर तूस वाचेल का, आणि मुळात ती थेट बॉयलरमध्येच परत का ढकलायची नाही?

मी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून लागलो आणि बॉयलर इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. एक्झॉस्ट वाफ म्हणजे आमच्या कारखान्याचा जीव होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तो कळला की पहिल्याचं अर्धं उत्तर मिळतं. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर. त्याच एक किलोची वाफ बाहेरच्या हवेच्या दाबाला साधारण १,६७० लिटर जागा व्यापते. एक लिटर पाणी १० किलो दाबाच्या बॉयलरमध्ये घालायला पंपाला फारच थोडं काम पडतं. तेवढीच वाफ दाबून आत घालायची म्हटली तर त्याच्या काही शे पट काम लागेल. ते आणायचं कुठून? इंजिनाने त्या वाफेतून जेवढं काम काढून दिलं, ते सगळं परत घालूनही वर कमीच पडेल. म्हणून वाफेचं आधी पाणी करावं लागतं. पाणी होताना वाफ दर किलोमागे ५४० किलोकॅलरी उष्णता सोडते. छपरावरून तुम्ही रोज हीच उष्णता सोडून देताय.

आता पहिला प्रश्न. हो, तूस वाचेल. तुमच्या विहिरीचं पाणी ३० अंशांचं धरू. त्याची १० किलो दाबाची वाफ करायला दर किलोला सुमारे ६३४ किलोकॅलरी लागतात. पाणी ८० अंशांचं आत गेलं तर त्यातल्या ५० वाचल्या, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. आम्ही बॉयलर हाउसमध्ये तोंडी हिशेब ठेवायचो की फीडचं, म्हणजे बॉयलरमध्ये भरायचं, पाणी ६ अंशांनी वाढलं की १ टक्का जळण वाचतं. तो हिशेब इथेही बरोबर बसतो. तुसाची उष्णता किलोला ३,१०० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर पूर्ण लोडवर तुम्हाला तासाला ६८० किलोच्या आसपास तूस लागत असणार. त्यातलं ५० किलोहून थोडं जास्त वाचेल. दहा तासांची पाळी धरली तर दिवसाला अर्धा टन. तुसाला तुमच्याकडे आज काय भाव येतो, त्याने गुणून बघा.

आणखी एक फायदा कागदावर दिसत नाही, पण तुमच्या फायरमनला पहिल्याच दिवशी दिसेल. आत्ता फीड पंप सुरू झाला की दाबाच्या घड्याळाचा काटा खाली येत असणार आणि तो बिचारा धावत जाऊन तूस वाढवत असणार. थंडगार पाणी आत गेल्याने वाफ पडते, म्हणून हे होतं. गरम पाणी गेलं की काटा जागेवर राहतो. शिवाय जिथून फीडचं पाणी आत शिरतं, तिथल्या पत्र्याला आणि सांध्यांना रोजचा गार-गरमचा झटका बसायचा थांबतो. जुन्या बॉयलरला हे फार मोलाचं आहे.

पण पाइप कापायच्या आधी एक गोष्ट तपासा, तेल.

तुमचं इंजिन सिलिंडरचं आहे. सिलिंडरमध्ये वंगण म्हणून सिलिंडर ऑइल जातं आणि त्यातलं थोडं थोडं वाफेबरोबर बाहेर पडतं. एक काचेची बाटली घ्या. एक्झॉस्ट पाइपच्या ड्रेनमधून निघणारं पाणी तिच्यात धरा, गार होऊ द्या आणि उजेडाकडे धरून बघा. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसेल, किंवा पाणी दुधाळ दिसेल. दुधाळ म्हणजे तेल पाण्यात बारीक मिसळलं आहे, ते नुसतं निथळून वेगळं होत नाही. असं पाणी बॉयलरमध्ये गेलं की तेल ट्यूबवर पातळ थर धरतं. केसाएवढा थरही पुरतो. आतलं पाणी ट्यूबला गार ठेवू शकत नाही, बाहेरून आग लागलेलीच असते, ट्यूब लाल होते आणि तिला फुगा येतो. वर तेलामुळे पाणी फेसाळतं, वाफेबरोबर पाणी इंजिनात जातं आणि सिलिंडरचं झाकण उडायची वेळ येते. आठ टक्के तुसासाठी हे करू नका.

आमच्या कारखान्यात ऊस पिळणाऱ्या मिलला आणि जनरेटरला टर्बाइन होत्या. टर्बाइनमध्ये वंगण बेअरिंगला असतं, वाफेच्या वाटेत नसतं, म्हणून आमचा एक्झॉस्ट तेलाच्या बाबतीत स्वच्छ. आमची धास्ती साखरेची होती. एक्झॉस्ट इव्हॅपोरेटरच्या (रस आटवायच्या भांड्यांच्या रांगेच्या) पहिल्या बॉडीत, म्हणजे पहिल्या भांड्यात, जायचा, रस उकळवून स्वतः पाणी व्हायचा आणि ते कंडेन्सेट बॉयलरला परत यायचं. आतली एखादी ट्यूब गळली की रस त्यात मिसळायचा. म्हणून परीक्षानळीत थोडं कंडेन्सेट, अल्फा नॅफ्थॉल या रसायनाचे थेंब आणि नळीच्या कडेने अलगद सोडलेलं सल्फ्युरिक ॲसिड, अशी चाचणी पाळीत ठरल्या ठरल्या वेळी व्हायची. दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी उमटली की ते पाणी त्याच क्षणी गटारात. त्या जांभळ्या कडीकडे बघताना पोटात खड्डा पडायचा, कारण साखर बॉयलरमध्ये गेली की पाणी आम्लधर्मी होतं आणि ट्यूब आतून खाते. जी वाफ बॉयलरकडे परत आणायची तिच्यात दुसरं काय आहे हे आधी बघायचं, ही सवय मला तिथे लागली. तुमच्याकडे जांभळ्या कडीच्या जागी तेलाचा तवंग आहे.

यावर तुमच्यासाठी मला बरा वाटणारा उपाय म्हणजे कॉइल, वेटोळं केलेला पाइप. एक्झॉस्टच्या मुख्य पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) काढा, एक फाटा फीडच्या टाकीत बुडालेल्या कॉइलमधून फिरवा आणि कॉइलमधून निघणारं तेलकट पाणी बाहेर सोडा. तेल पाइपच्या आत, बॉयलरचं पाणी बाहेर, दोघांची गाठच नाही. ती टाकी पंपाच्या आधी असते आणि हवेला मोकळी असते, म्हणून तिच्यावर बॉयलरचा दाब येत नाही. तोच हीटर पंपाच्या पुढे, बॉयलरच्या बाजूला बसवला तर तो बॉयलरचा पूर्ण दाब सोसतो, मग ड्रॉइंग, मंजुरी, बॉयलर निरीक्षक सगळं आलं. आणि ते यायलाच हवं, तिथे गावातल्या वेल्डरकडून काही करून घेऊ नका.

कॉइलने पाणी ९५ अंशांवर न्यायचा हट्ट धरू नका. वाफ १०० अंशांची, पाणी ९५ चं झालं की दोघांत पाच अंशांचाच फरक राहतो आणि तेवढ्या फरकात उष्णता जायला कॉइल प्रचंड मोठी लागते. ७५ ते ८० वर थांबा. त्यालाही दोन इंची पाइप ४५-५० मीटर सहज लागेल. आतून हळूहळू तेलाचा थर धरेल, तेव्हा हंगाम संपला की कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने कॉइल धुऊन घ्या.

८० वर थांबण्याचं दुसरं कारण पंप आहे. यात माणसं हमखास फसतात.

एका लहान कारखान्यात मला बोलावलं होतं. त्यांनी तुमच्यासारखंच केलं होतं आणि पाणी झकास ९५ अंशांना पोहोचलं होतं. पण टाकी पंपाच्या शेजारी जमिनीवरच ठेवलेली. मी गेलो तेव्हा पंपातून खडखड आवाज येत होता, कुणी आत मूठभर खडी टाकल्यासारखा. डिलिव्हरीच्या, म्हणजे पंप पाणी बाहेर ढकलतो त्या बाजूच्या, घड्याळाचा काटा थरथरत होता. पंप फिरतोय, मोटर करंट कमी घेतेय आणि गेज ग्लासमधलं (बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं) पाणी बघता बघता खाली चाललंय. फायरमनला वाटत होतं पंप बिघडला. मी पहिल्यांदा आग ओढायला लावली, कारण बॉयलरमध्ये पाणी कमी होण्यासारखं वाईट काही नाही. मग टाकीत गार पाणी सोडलं, आणि दोन-तीन मिनिटांत पंपाने पाणी धरलं.

झालं होतं असं, की पंप ओढतो तेव्हा त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि गरम पाणी कमी दाबाला तिथेच उकळतं. हवेचा दाब म्हणजे साधारण दहा मीटर पाण्याची उंची. पाणी ८० अंशांचं असेल तर त्यातले पाचेक मीटर त्याच्या स्वतःच्या वाफेचा दाब खातो. ९५ अंशांना साडेआठ मीटर खातो, मग पंपाच्या हाती काय उरणार? म्हणून गरम पाण्याची टाकी नेहमी पंपाच्या वर, निदान तीन मीटर स्टँडवर. सक्शनचा, म्हणजे पंपाकडे पाणी आणणारा, पाइप डिलिव्हरीपेक्षा मोठा, आखूड आणि कमीत कमी बेंडचा. तुमच्याकडे पंपाऐवजी इंजेक्टर (वाफेच्या झोताने पाणी आत ढकलणारं साधन) असेल तर ही योजना चालणारच नाही. साध्या इंजेक्टरला त्या वाफेचं पाणी करायला गार पाणी लागतं, गरम पाणी दिलं की तो धरतच नाही.

पाइपिंग करताना एक्झॉस्टच्या मुख्य पाइपवर बंद होणारा व्हॉल्व्ह बसवू नका. व्हॉल्व्ह फाट्यावर. मुख्य वाट कायम मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर चुकून व्हॉल्व्ह बंद असताना इंजिन चालू केलं तर वाफेला जायला जागा नाही. फाटाही इतका अरुंद नको की इंजिनाला मागून दाब यावा. मागचा दाब चढला की इंजिनाची ताकद पडते आणि वाचवलेलं तूस तिकडे जातं. पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी ड्रेन ठेवा, नाहीतर साचलेल्या पाण्यावर वाफ येऊन हातोडा मारल्यासारखे धक्के बसतात.

टाकीला झाकण आणि वर थोडी मोकळी व्हेंट ठेवा. चहाचं आधण ठेवलं की उकळी यायच्या बरंच आधी भांड्याच्या बुडाला बारीक बुडबुडे धरतात ना, ती पाण्यात विरघळलेली हवा असते. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, ८० अंशांपर्यंत त्यातला बराच निघून जातो. हाच ऑक्सिजन बॉयलरच्या ट्यूबना आतून खड्डे पाडतो, तेव्हा त्याला टाकीतूनच बाहेरची वाट मिळू द्या. पाणी जड असेल तर सॉफ्टनर (पाण्यातला जडपणा काढणारं यंत्र) आधी हवाच. नाहीतर पाणी तापलं की क्षार कॉइलवरच बसतील आणि महिन्याभरात ८० चे ६० अंश होतील.

आता मला सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे ते. हे सगळं केलंत तरी तुमच्या एक्झॉस्टचा फक्त अकरावा हिस्सा कामी येईल. एक किलो वाफ ५४० किलोकॅलरी देते, एक किलो पाण्याला फक्त ५० हव्यात. फीडचं पाणी यापेक्षा जास्त वाफ घेऊच शकत नाही. उरलेली दहा हिस्से वाफ अजून छपरावरूनच जाणार, आणि खरी लक्ष्मी तिच्यात आहे. लुइझियानातल्या नॉर्बर्ट रिल्यूने १८४३ साली साखरेच्या रसासाठी एकाला एक जोडलेल्या इव्हॅपोरेटरचं पेटंट घेतलं. इंजिनातून सुटलेली वाफ पहिल्या भांड्याला, त्याची वाफ दुसऱ्याला. आज कुठलाही साखर कारखाना त्याच तत्त्वावर चालतो, आणि म्हणून आमच्या धुराड्याशेजारी एक्झॉस्ट सुटताना दिसला की वरिष्ठ विचारायचे, कुठे काय बंद पडलंय?

तुमच्याकडे उकडा (उसना) तांदूळ होतो असं तुम्ही लिहिलंय. भात भिजवायला गरम पाणी लागतं, वाळवायला गरम हवा लागते. दोन्हीला १०० अंशांची वाफ पुरते. भिजवणीच्या पाण्याला दुसरी कॉइल आणि ड्रायरला हवा तापवणारे रेडिएटर, ही दोन कामं आज तुम्ही बॉयलरच्या ताज्या वाफेवर करत असाल तर ती एक्झॉस्टवर आणा. फीडच्या आठ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त तूस तिथे वाचेल. मात्र भाताला थेट वाफ देता, ती ताजीच ठेवा. इंजिनाची तेलकट वाफ खायच्या धान्याला कधीच लावू नका.

आधी बाटलीतलं पाणी बघा. मग एक्झॉस्ट पाइपचा व्यास, फीडच्या टाकीचा आकार, टाकीची पंपापासूनची उंची आणि पंप कुठल्या प्रकारचा आहे एवढं इथेच खाली लिहा. कॉइल किती लांब लागेल आणि टी कुठे काढायचा, ते मी हिशेब करून सांगतो.