नाईल क्रूझवर आई-बाबांसाठी सुइट घ्यावा की साधी केबिन पुरे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटी तुम्ही दोघं आणि आई-बाबा असे चौघं इजिप्तला निघालात. लक्सर ते अस्वान चार रात्रींची नाईल क्रूझ आहे. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, त्यात आईंना गुडघ्यांचा त्रास. एजंट म्हणतोय, त्यांच्यासाठी तरी सुइट घ्या, ४० हजार जास्त पडतील. घ्यावा का, आणि नाही घेतला तर कुठल्या मजल्यावरची, कुठल्या बाजूची केबिन मागावी?

सुइट नको. मधल्या किंवा वरच्या मजल्यावरची, बोटीच्या मागच्या टोकापासून लांब असलेली साधी केबिन मागा आणि पैसे घालायचेच असतील तर मुळात बऱ्या बोटीवर घाला. इजिप्तचे ग्रुप नेणं हा माझा धंदा आहे. बोटीवर पोचल्यावर चाव्या वाटणं आणि पुढचे चार दिवस त्या चाव्यांवरून झालेल्या तक्रारी ऐकणं माझ्याच वाट्याला येतं, त्यामुळे या विषयावर मला बोलायला आवडतं.

समुद्रातल्या क्रूझबद्दल नेटवर जे सल्ले मिळतात ते इथे लावू नका. मधली केबिन कमी हलते, खालचा मजला बरा, पोटात ढवळत नाही वगैरे सगळं समुद्राचं शास्त्र. नाईलवर बोट डोलतच नाही. १९७० मध्ये अस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यापासून नदीला पूरही येत नाही. पाणी कालव्यासारखं शिस्तीत वाहतं. आजवर कुणाला नाईलवर बोट लागल्याचं मी पाहिलेलं नाही. जे आजारी पडले ते बुफेवर तुटून पडल्यामुळे.

मग केबिनचा फरक पडतो कुठे? तर बोट उभी असताना. हे एजंट सांगत नाही. ब्रोशरमध्ये बोट भर नदीत एकटी, मागे खजुराची झाडं, असा फोटो असतो. प्रत्यक्षात चारपैकी पहिली रात्र बोट लक्सरच्या धक्क्यालाच असते आणि शेवटची, कधी शेवटच्या दोन, अस्वानच्या. धक्क्याला जागा कमी आणि बोटी भरपूर, म्हणून त्या एकमेकींना खेटून शेजारी शेजारी बांधतात. तीन-चार तर नेहमीच, नाताळच्या गर्दीत त्याहूनही जास्त. बहुतेक बोटी ७०-७२ मीटर लांबीच्या, एकाच धाटणीच्या, त्यामुळे रिसेप्शनची दारं बरोबर समोरासमोर येतात. तुमची बोट चौथी असेल तर किनाऱ्यावर जाताना तुम्ही तीन परक्या बोटींच्या लॉबीतून, त्यांच्या झुंबरांखालून आणि सोफ्यांमधून चालत जाता. आपल्याकडच्या मंडळींना याची फार मजा वाटते. कुणाची लॉबी जास्त चकचकीत यावर लगेच चर्चा सुरू होते.

पण लॉबी जशा समोरासमोर येतात तशाच खिडक्याही. संध्याकाळी लक्सरचं कर्नाक देऊळ बघून येता, हौसेने पडदा सारता आणि समोर हातभर अंतरावर दुसरी काच. काचेपलीकडे बनियनमधला एक जर्मन आजोबा दात घासतोय. तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे, आणि दोघंही एकदमच पडदा ओढता. तुमची केबिन साधी असो की सुइट, मजला तोच असेल तर आजोबाही तोच. सुइटची काच मोठी असते, एवढाच फरक. ‘फ्रेंच बाल्कनी’ नावाचा प्रकार तर ऐकायला भारी, पण ती म्हणजे सरकतं काचेचं दार आणि बाहेर कठडा. खुर्ची टाकायला जागा नसते. शेजारी बोट असताना ते दार उघडायची सोय नाही, कारण धक्क्यालाही बहुतेक बोटींचे जनरेटर चालूच असतात आणि शेजारच्या बोटीचा धूर सरळ आत येतो.

आता मजले. सगळ्या बोटींवर नावं सारखी नसतात, पण रचना साधारण एकच: सर्वांत खाली रेस्टॉरंट आणि काही केबिन, त्यावर रिसेप्शनचा मजला, मग एक-दोन मजले केबिनचे, तिथेच कुठेतरी लाउंज, आणि डोक्यावर सनडेक, म्हणजे बोटीची उघडी गच्ची. केबिनचा नंबर शंभरच्या घरात असेल तर ती बहुधा सर्वांत खालची. ती घेऊ नका. तिथे खिडकी पाण्यापासून जेमतेम वर असते, बऱ्याच बोटींवर ती उघडतही नाही, आणि धक्क्याला लागल्यावर समोर दगडी भिंत येते. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये नेमका हाच मजला गळ्यात मारतात. त्यात ती केबिन मागच्या टोकाची असली तर विचारूच नका. इंजिन मागे असतं. रात्री एस्नाच्या लॉककडे (वाटेतल्या बंधाऱ्यावर बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांकडे) बोट निघाली की पलंग, आरसा, टेबलावरचा पाण्याचा ग्लास, सगळं बारीक थरथरत राहतं. आवाजाचा त्रास कमी, त्या थरथरीचाच जास्त. म्हातारी माणसं रात्रभर कूस बदलत राहतात.

अगदी वरचा मजलाही निर्दोष नाही. सनडेकच्या बरोबर खालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आणि लाउंजला लागून केबिन मिळाली तर रात्री बेली डान्स आणि नुबियन (दक्षिण इजिप्तमधल्या नुबियन लोकांचे) ढोल संपेपर्यंत झोप विसरा. एका रात्री गलाबिया पार्टीही असते. सगळे प्रवासी तो पायघोळ अंगरखा घालून नाचतात आणि आपली मंडळी हमखास शेवटपर्यंत थांबतात. तुमचे आई-बाबा लवकर झोपणारे असतील तर लाउंजपासून दूर, एवढं आवर्जून लिहून घ्या.

आईंच्या गुडघ्यांसाठी मजल्यापेक्षाही दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. लिफ्ट आहे का, हे बोटीचं नाव घेऊन विचारा. ‘फाइव्ह स्टार’ या शब्दावर विसंबू नका. लिफ्ट नसलेल्या फाइव्ह स्टार बोटी नाईलवर चालतात. लिफ्ट नसेल तर रिसेप्शनच्याच मजल्यावरची केबिन आईंना सोयीची, कारण गँगवे, म्हणजे बोटीवर ये-जा करायची फळी, तिथे उघडतो आणि जेवायला एकच जिना उतरावा लागतो. लिफ्ट असेल तर खुशाल वर जा. दुसरी गोष्ट बाथरूम. सुइटमध्ये बऱ्याचदा बाथटब असतो, आणि आंघोळ त्या टबातच उभं राहून करायची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओल्या टबाचा काठ ओलांडणं म्हणजे रोजची परीक्षा. साध्या केबिनमधला काचेच्या दाराचा छोटा शॉवर त्यापेक्षा शंभर पटींनी बरा. म्हणजे ४० हजार जास्त देऊन तुम्ही आईंची अडचणच विकत घेताय. (जेट स्प्रेची काळजी करू नका. इजिप्तमध्ये कमोडला पाण्याची सोय जवळजवळ सगळीकडे असते. युरोपहून इथे आलेला आपला माणूस त्यावरच निम्मा खूश होतो.)

खरी चढ-उतार बोटीच्या बाहेर आहे. हिवाळ्यात धरणातून पाणी कमी सोडतात, नदीची पातळी खाली जाते आणि धक्क्याच्या पायऱ्या वाढतात. डिसेंबरात फळी तिरकी असते, पायऱ्या उंच असतात आणि सगळीकडे कठडा असेलच असं नाही. बोटीवरची पोरं हात धरून चढवतात, त्याबाबतीत ती फार प्रेमळ आहेत. आईंसाठी घडीची काठी मात्र इथूनच घेऊन जा.

बाजूचं गणित सोपं आहे. लक्सरहून अस्वानला जाताना बोट दक्षिणेकडे जाते, म्हणजे उजव्या हाताला पश्चिम. उजेडात बोट चालते ती मुख्यतः दुपारी, आणि त्यातला एडफू ते कोम ओंबो (दोन्ही वाटेतली देवळांची गावं) हा पट्टा सर्वांत देखणा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो तो उजव्या बाजूला. पूर्वेच्या काठाने रेल्वे आणि मोठा रस्ता जातो, तिथे वर्दळ. पश्चिमेला उसाची शेतं, खजूर, मागे लगेच वाळवंट. म्हणून थंडीत उजवी बाजू घ्या. मे महिन्यात विचारलं असतंत तर डावी सांगितली असती, कारण दुपारचं ऊन खिडकीवर आलं की एसी हात टेकतो. अस्वानहून उलट येणाऱ्यांनी हे सगळं फिरवून घ्यावं. कोम ओंबोचं देऊळ तेवढं पूर्वेला, अगदी काठावर आहे. पण बोट तिथे पोचते तेव्हा केबिनमध्ये कुणीच बसलेलं नसतं.

सुइटविरुद्ध माझा मुख्य मुद्दा हाच आहे. नाईलचा देखावा सनडेकवर असतो, आणि सनडेकवर सगळ्यांना सारखीच खुर्ची. सुइट घेतला म्हणून जेवताना कुणी वेगळं पान वाढत नाही. एस्नाला लॉकच्या अलीकडे बोटी रांगेत थांबतात, तेव्हा छोट्या होड्यांतून विक्रेते येतात, दोर टाकून होडी तुमच्या बोटीला बांधतात आणि खालून टेबलक्लॉथ, गलाबिया प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेम धरून सनडेकवर फेकतात. आवडलं तर पैसे त्याच पिशवीत टाकून खाली फेकायचे, नाही आवडलं तर माल परत फेकायचा. ‘इंडिया! अमिताभ बच्चन!’ असा पुकारा होतो आणि घासाघीस करण्यात आपल्या बायकांचा हात कुणी धरू शकत नाही. ही मजा केबिनच्या खिडकीतून येत नाही. शिवाय तुम्ही केबिनमध्ये असणार किती वेळ? एडफूला पहाटे उठवतात, अस्वानहून अबू सिंबेलच्या देवळांना जायला त्याहून लवकर, अंधारातच गाडीत बसवतात. हॉट एअर बलूनची सफर बुक केली असेल तर लक्सरलाही तेच. दुपारी जेवून तासभर डुलकी आणि रात्रीची झोप, एवढ्यापुरतीच खोली.

सुइट कधी घ्यावा तेही सांगतो. तिघं एकाच खोलीत राहणार असाल तर घ्या. साध्या केबिनमध्ये तिसरा पलंग टाकला की बॅग उघडायला जागा उरत नाही, आणि रोज सकाळी कोण आधी उठून दार अडवणार यावर भांडणं होतात. किंवा कुणाला आजारपणामुळे दिवसाचा बराच वेळ आतच पडून राहावं लागणार असेल तर मोठी खोली सत्कारणी लागते. तुमच्या बाबतीत दोन्ही नाही.

पैसे खर्च करायचेच असतील आणि खिडकीसमोर परकी खिडकी नको असेल, तर दहाबिया हा खरा उपाय. शिडाची होडी, मोजक्याच केबिन, वारा नसला की पुढे टग, म्हणजे ओढणारी मोटरबोट लावतात. ती बहुधा एस्नाहून निघते आणि बोटींच्या रांगेत न लागता एखाद्या बेटाला किंवा शेताच्या काठाला रात्री थांबते. शांतता काय असते ते तिथे कळतं. पण लिफ्ट नाही, उतरायला कधी नुसती फळी, आणि दर चांगलाच चढा. या खेपेला आईंना घेऊन मी तो बेत करणार नाही.

आता एजंटला काय सांगायचं. केबिनचा नंबर आधी मिळणार नाही, तो बोटीवर रिसेप्शनवाला ठरवतो, त्यामुळे नंबरासाठी एजंटशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पण व्हाउचरवर या गोष्टी लिहून घेता येतात: सर्वांत खालचा मजला नको, मागचं टोक नको, दोन केबिन शेजारी शेजारी, आई-बाबांना दोन वेगळे पलंग, बाथटबऐवजी शॉवर. उजव्या बाजूची विनंती मात्र चेक-इनच्या वेळी करा आणि लवकर करा, ग्रुपच्या चाव्या वाटायच्या आत. नाताळ ते नवीन वर्ष बोटी गच्च भरलेल्या असतात. एकदा किल्ली हातात पडली की बदलून मिळत नाही. न्यू इयरच्या रात्रीचं गाला डिनर सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे बरेचदा वेगळे लावतात, तेही आत्ताच विचारून ठेवा.

तुमच्या कोटेशनमध्ये बोटीच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असं लिहिलंय का बघा. असेल तर ऐन वेळी दुसरी बोट येऊ शकते, आणि त्या बोटीवरचा सुइट या बोटीवरच्या साध्या केबिनएवढाही असू शकतो. बोटीचं नाव पक्कं करून द्या, बदलली तर तिची लिफ्ट, बाथरूम आणि मजला आम्हाला आधी कळवा आणि हलक्या दर्जाची बोट दिलीत तर फरक परत करा, असं ईमेलवर मागा. फोनवर ‘हो हो, करू ना’ म्हणणारा एजंट ईमेलला काय उत्तर देतो ते बघा आणि मग ॲडव्हान्स भरा.