घरी २३ लिटर बिअर आंबवायला कोणतं भांडं घ्यावं? प्लास्टिकची बादली, काचेचा कार्बॉय (अरुंद तोंडाचा मोठा बुधला) की स्टील?

बादलीच घ्या. ३० लिटरची, घट्ट झाकणाची, खाद्यपदार्थांसाठीच्या एचडीपीई प्लास्टिकची. तुम्ही ब्रिटनमध्ये लीड्सला राहता, २३ लिटरचं पहिलंच किट (बिअरचं तयार सामान) लावणार आहात आणि काच स्वच्छ राहते म्हणून तुमचा कल काचेकडे आहे, म्हणून आधी काचेबद्दल सांगतो.

काचेला ओरखडे पडत नाहीत आणि तिच्यातून ऑक्सिजन झिरपत नाही, हे खरं. पण २३ लिटरचा कार्बॉय भरला की तीस किलोच्या आसपास जातो, आणि तो हाताळताना हात बहुधा ओलेच असतात. मानेला धरून उचलला किंवा थंड काचेत गरम वर्ट (आंबवण्याआधीचं, मोड आणलेल्या धान्याचं गोड पाणी) ओतला की तो तडकू शकतो. इतक्या जाड काचेचा तुकडा लागला तर मनगटाच्या शिराही कापल्या जातात. शिवाय अरुंद तोंडातून हात आत जात नाही, त्यामुळे वाळलेल्या फेसाचं कडं घासून निघत नाही. उन्हाचाही त्रास आहेच: हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र दर्प येतो. कार्बॉय आधीच घरात असेल तर तो क्रेटमध्ये ठेवून, वर गडद कापड टाकून वापरा. नवा घेऊ नका.

२३ लिटरसाठी ३० लिटरची बादली कशाला, तर फेसासाठी. पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्ट जोरात असतं आणि फेस बराच वर चढतो; गव्हाच्या बिअरचं यीस्ट तर त्याहून दांडगं. वर जागा नसेल तर फेस एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेत) शिरतो, हॉप्सचे कण अडकून वाट बुजते, दाब वाढतो आणि झाकण उडतं. गव्हाची किंवा कडक बिअर असेल तेव्हा सुरुवातीला एअरलॉकऐवजी जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या पाण्यात बुडवून ठेवा.

बादलीला तोटी असेल तर सगळं लक्ष तिच्यावर ठेवा. नवी बसवल्यावर पाणी भरून रात्रभर ठेवा. वायसर तिरका बसला असेल तर सकाळी खाली ओल दिसेल. बाटल्या भरून झाल्यावर तोटी दर वेळी पूर्ण सुटी करा. तिच्या पोटात गोड वर्ट साचतो, त्यात जंगली यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू वाढतात आणि पुढची खेप आंबट होते. लोक माल्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याला) दोष देतात, पण चोर बहुतेकदा तोटीतच बसलेला असतो.

घासायला मऊ स्पंजच वापरा, तारेची घासणी नको. ओरखड्यांत सॅनिटायझर पोचत नाही. आधी कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून अर्धा तास भिजवा आणि धुवा. मग स्टार सॅन (आम्लाचं सॅनिटायझर), लिटरला साधारण दीड मिली, एक-दोन मिनिटं. त्याचा फेस धुवायचा नाही. भांडं मळलेलं असेल तर स्टार सॅनचा उपयोग होत नाही, हा क्रम चुकवू नका. हॉटेलातून मिळणारी लोणच्याची रिकामी बादली फुकट मिळाली तरी नको, प्लास्टिक तो वास सोडत नाही.

वर्ट २० अंशांपर्यंत थंड झाल्यावरच यीस्ट घाला, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट साध्या एलला (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरला) पुरतं. बादली भरण्याआधीच टेबलावर ठेवा, कारण भरलेली उचलली की तळाचा गाळ ढवळतो. आंबताना उष्णता निघते, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असतं. खोली १६-१७ अंशांची बरी. बाहेरून चिकटवायची तापमानपट्टी लावाच.

एअरलॉकमध्ये बुडबुडे दिसले नाहीत म्हणून घाबरू नका, झाकणाच्या कडेनेही वायू निसटतो. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर) विश्वास ठेवा: १.०४५ वरून सुरू झालेली बिअर १.०१० च्या आसपास येऊन दोन दिवस तिथेच राहिली, तरच बाटल्या भरा. घाई केली तर बाटल्या फुटतात. मध्ये दुसऱ्या भांड्यात ओतण्याची गरज नाही. त्यात फक्त हवा मिसळते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

स्टील उत्तम आणि टिकाऊ, पण क्लोरीनच्या ब्लीचने त्याला खड्डे पडतात. पहिल्या पाच-सहा खेपांत स्टीलचे पैसे तापमान सांभाळण्यावर घाला.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. हे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी करून बघू नये. तिथे दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे.

बाटल्या भरल्या की त्याच दिवशी बादली धुवा, पूर्ण वाळवा आणि झाकण सैल ठेवूनच कपाटात टाका.