वाचक विचारतात : चार सिलिंडर, तीन नळ्या

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १४८९ सीसीची अॅम्बॅसडर आहे. तिचा बिडाचा एग्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) तडकल्यामुळे मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एमजी गाडीसाठी बनवलेला तीन नळ्यांचा जुना हेडर (सुट्या नळ्या जोडून केलेला मॅनिफोल्ड) आणून बसवून घेतला. तेव्हापासून सकाळी गाडी सुरू केली की टॅपेट वाजावेत तशी टिकटिक ऐकू येते आणि दहा मिनिटांत ती बंद होते. मलबार हिलचा उतार उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके फुटतात. मिस्त्री कार्ब्युरेटरला दोष देतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला तीन नळ्या मुळात चालतात का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : चालतात, किंबहुना आपल्या इंजिनाला चौथी नळी लावायला जागाच नाही. अॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजचे असून त्याच घराण्याचे इंजिन एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही होते. या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, धूर बाहेर पडण्याची तीनच तोंडे आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र तोंड आहे, तर मधले तोंड दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये सामाईक आहे. हे ऐकून दोन सिलिंडरचा धूर एकमेकांना अडवत असेल असे वाटेल, पण फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२ असल्यामुळे दुसरा आणि तिसरा सिलिंडर क्रँकच्या बरोबर एका पूर्ण फेऱ्याच्या अंतराने धूर सोडतात आणि पहिल्या-चौथ्याचेही तसेच आहे. म्हणून चांगल्या हेडरमध्ये बाहेरच्या दोन नळ्या आधी एकत्र येतात, मधली नळी लांबवर एकटी जाते आणि मग दोन्ही प्रवाह एका पाइपात मिळतात. एका सिलिंडरचा धूर वेगाने निघून जाताना मागे जी ओढ निर्माण होते, ती पुढच्या सिलिंडरचा उरलेला धूर खेचून घेते. हेडरचा सारा फायदा या ओढीत आहे. मधली नळी आखूड कापून तिन्ही नळ्या जवळच जोडलेल्या असतील, तर हेडरने नुसती जागा अडवली आहे असे समजावे.

आता टिकटिकीकडे वळू. इंजिन थंड असताना आवाज येतो आणि तापल्यावर थांबतो, याचा अर्थ फ्लँजपाशी, म्हणजे हेडर इंजिनाच्या हेडला टेकतो त्या सपाट कडेपाशी, बारीक फट आहे आणि लोखंड प्रसरण पावले की ती मिटते. फटाक्यांचे मूळही बहुधा तिथेच सापडेल. पाय काढल्यावर न जळलेले पेट्रोल एग्झॉस्टमध्ये जाते, धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि दोन्हींचा गरम पाइपात भडका उडतो. अशा वेळी कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसणे म्हणजे ताप म्हशीला आणि औषध पखालीला.

बी सिरीजमध्ये ही फट पडण्याचे एक खास कारण आहे आणि आपल्या गाडीत मला त्याचाच संशय आहे. या इंजिनात इनटेक (हवा आणि पेट्रोल आत नेणारा) आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात आणि काही नट-वॉशर दोघांना मिळून दाबतात, म्हणजे एकाच जाड वॉशरची एक कड इनटेकच्या फ्लँजवर आणि दुसरी एग्झॉस्टच्या फ्लँजवर टेकते. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डची जाडी इनटेकशी जुळलेली होती. बाहेरून आणलेल्या हेडरची फ्लँज अर्धा मिलिमीटर जरी पातळ निघाली, तरी वॉशर तिरपा बसतो, सगळा दाब इनटेकवर पडतो आणि मिस्त्रीने पान्ह्यावर कितीही जोर लावला तरी एग्झॉस्टची बाजू सैलच राहते. जास्त आवळले की स्टड (नट ज्यावर बसतो तो हेडमधला आटेदार दांडा) तुटतो, तो वेगळा खर्च.

इंजिन पूर्ण थंड असताना नट सोडण्याआधी वॉशरकडे बाजूने नीट पाहावे. तिरपेपणा साध्या डोळ्यांनीही दिसतो. मग दोन्ही फ्लँजची जाडी व्हर्नियरने मोजावी. फरक सापडला तर जाड बाजू सरफेस ग्राइंडिंग करून उतरवावी, नाहीतर लेथवर पायरीचे वॉशर बनवून घ्यावेत, ज्यांची एक कड दुसरीपेक्षा फरकाइतकी जाड असेल. गॅस्केट नवे घालावे आणि नट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. गाडी एकदा चांगली तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एक फेरी घ्यावी. गॅरेजमध्ये ही शेवटची फेरी हटकून राहते, कारण तोवर गाडी घरी पोहोचलेली असते. फट गेली की नाही हे तपासायला व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला धरून फ्लँजवर साबणाचे पाणी सोडावे. जिथे बुडबुडा येईल तिथे काम बाकी आहे. काजळीचा काळा ओघळही तीच जागा दाखवतो.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. आपल्या इनटेक मॅनिफोल्डच्या बुडाला जुन्या एग्झॉस्टवर टेकण्याची जागा असेल, तर ती आता उघडी पडली आहे. तिथे गॅस्केटसह पत्र्याची पट्टी बोल्टने बंद झाली आहे ना, हे पाहावे. इनटेकला मिळणारी ती ऊब गेल्याने मुंबईच्या हवेत फारसे बिघडत नाही. मात्र हेडरच्या पातळ नळ्या बिडापेक्षा जास्त उष्णता फेकतात आणि कार्ब्युरेटर त्यांच्या अगदी जवळ बसतो. मे महिन्यात हिंदमाताच्या सिग्नलला पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीतच उकळू नये म्हणून दोघांच्या मध्ये पत्र्याची आड, दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी, लावावी.

खरे सांगायचे तर मूळ मॅनिफोल्ड अजून घरात असेल, तर तो भंगारात देऊ नये. तडकलेले बीड आधी सगळीकडून सारखे तापवून, निकेलच्या कांडीने वेल्ड करून, राखेत किंवा चुन्यात हळूहळू थंड केले, तर पुष्कळदा वाचते. कुटुंबाला घेऊन फिरायच्या गाडीला मी तोच परत बसवीन.

प्रश्न : माझ्या ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीसाठी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून हेडर बनवून घेत आहे. स्टेनलेस स्टील घ्यावे की साधे? वरून कापडी पट्टी गुंडाळावी का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : पट्टीचे आधी सांगतो, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. काचतंतूची ही पट्टी उष्णता आत ठेवते हे खरे, परंतु आपल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ती पाणी पिते आणि तेच पाणी नळीला चिकटवून ठेवते. माझ्या साध्या स्टीलच्या हेडरवरची पट्टी दोन पावसाळ्यांनी सोडली, तेव्हा खालच्या वळणावर नळीचे पापुद्रे बोटाने निघाले. उष्णता अडवायची असेल तर सिरॅमिक कोटिंग करावे, नाहीतर नळ्या उघड्याच ठेवाव्यात.

समुद्राच्या हवेसाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस चांगले, पण ते साध्या स्टीलपेक्षा जास्त फुगते. अर्धा मीटर लांबीचा तुकडा ५०० अंश सेल्सिअसने तापला, तर साधे स्टील सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि ३०४ चारहून थोडे अधिक. म्हणून अखंड फ्लँजची टोकाची भोके किंचित लांबट ठेवावीत आणि हेडरच्या पुढे लवचीक जाळीचा सांधा टाकावा, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलते आणि सायलेन्सर चासीला टांगलेला असतो.

फॅब्रिकेटरला बजावून सांगावे की फ्लँज किमान तीन सूत (सुमारे साडेनऊ मिलिमीटर) जाडीची हवी आणि वेल्डिंग करताना ती भंगारातल्या हेडला किंवा जाड प्लेटला आवळलेली हवी. पूर्ण थंड होण्याआधी सोडली तर ती धनुष्यासारखी वाकते. नळीचे तोंड हेडच्या तोंडापेक्षा किंचित मोठे चालेल, लहान मुळीच नको, आणि आत आलेला वेल्डिंगचा मणी कानशीने साफ केलेला असावा. वेल्डिंगचे टाके गाडीवर मापे घेऊनच मारावेत, मात्र बॅटरी काढून आणि पेट्रोलची नळी दूर करून. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकची नळी आणि स्टार्टर यांच्यापासून बोटभर तरी अंतर सुटले पाहिजे, तेही इंजिन रेस करून हलवून पाहिल्यावर.

प्रश्न : १९६८ ची फियाट ११०० व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. हेडर लावलेला चालेल का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : लावू नये. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मॅनिफोल्डपायी ते आणि हेलपाटे वाया घालवण्यात अर्थ नाही. नेहमीच्या नोंदणीवरच्या गाडीतही परवानगीशिवाय केलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाचा आणि धुराचा गुन्हा कलम १९० खाली वेगळा मोजला जातो.