टोकन काढण्याआधी बाबांचं ऐकून घे

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवरची तुझी हलती चित्रं पाहिली. काळ्या मारबतीमागच्या गर्दीत धुळीतून वर उठणारे हात फार सुरेख जमलेत. ही चित्रं टोकन काढून, म्हणजे एनएफटी म्हणून, इंटरनेटवर विकायची म्हणतेस आणि त्यावरून वाद पेटलाय. बाबा म्हणतात, हा सट्टा आहे. कॉलेजचे सर म्हणतात, ही कलाच नव्हे. मित्र म्हणतात, जुन्या लोकांना हे कळायचं नाही. तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत आणि तू सगळ्यांना एकाच माळेत ओवतेयस.

सरांचं म्हणणं मला पटत नाही. आम्ही लिनोकट, म्हणजे लिनोच्या पट्टीवर कोरून काढलेले ठसे, विकायला मांडायचो तेव्हा लोक विचारायचे, "छापीलच ना? मग एवढे पैसे कशाचे?" प्रत्येक ठशाखाली पेन्सिलीनं ४/२० असा आकडा असायचा. विसावा ठसा निघाला की लिनोवर आडवी रेघ कोरून तो बाद करायचा. ती रेघ दाखवली की गिऱ्हाईक निवांत व्हायचं. टोकन तेच करू पाहतं. ज्याच्या हव्या तेवढ्या हुबेहूब प्रती निघतात, त्यातली एक कुणाच्या नावावर आहे, याची ती नोंद. संगणकावर काढणाऱ्याकडे विकायला मूळ प्रत कधी नव्हतीच, म्हणून तुम्हा मुलांना याचं एवढं अप्रूप वाटतं, आणि ते रास्तच आहे.

पण लिनो बाद करता येतो. तुझी फाइल उचलून परक्यानं तिचं टोकन काढलं, तर ब्लॉकचेन, म्हणजे ही नोंद जिथे होते ती अनेक संगणकांवरची सामायिक वही, त्याला अडवत नाही. ओपनसी या टोकनांच्या ऑनलाइन बाजारपेठेनंच जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या फुकट टोकन काढायच्या सोयीतून निघालेल्या टोकनांपैकी ८० टक्क्यांहून जास्त चोरीची, बनावट किंवा स्पॅम होती. कित्येक चित्रकारच याच्या विरोधात का गेले, ते यावरून समजून घे.

आता बाबा. मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन चित्रकाराचं डिजिटल चित्र क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या लिलावात ६.९३ कोटी डॉलरला गेलं. लोकांच्या कानावर किंमत आधी पडली. चित्र बहुतेकांनी धड पाहिलंच नाही. ज्याची ओळखच पैशातून झाली, त्याला बाबांनी सट्टा म्हटलं तर चुकलं कुठे? इतवारीच्या सराफ्यात ते विचारतात तेच इथे विचारताहेत: हातात काय येणार आणि मोडायला गेलं तर कोण घेणार? याचं खरं उत्तर दे. टोकन घेतल्यानं कॉपीराइट आपोआप मिळत नाही. चित्र बहुधा ब्लॉकचेनवर नसतंच. तिथे नोंद आणि पत्ता असतो, फाइल भलतीकडे. ती जागा बंद पडली तर नोंद शिल्लक राहते, चित्र दिसत नाही. पुढे विकून नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

टोकनांपायी फार वीज जळते, हा आक्षेप मात्र इथेरियम या ब्लॉकचेनपुरता जुना झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी नोंदी पक्क्या करायची पद्धत बदलली आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला.

आणि तुझ्या माहितीपत्रकातलं "प्रत्येक पुनर्विक्रीवर चित्रकाराला वाटा" हे वाक्य आजच खोड. तो वाटा बाजारपेठेच्या मर्जीवर होता. ओपनसीनं २०२३ मध्ये त्याची सक्ती काढायचं जाहीर केलं.

ज्यांनी हे मनापासून स्वीकारलं, त्यातले बरेच जण त्या चित्रकाराला आधीपासून ओळखत होते, असं मी पाहत आलोय. म्हणून किंमत न लावता आधी ही चित्रं मोठ्या पडद्यावर दाखव. महाल, इतवारीतली माणसं बोलाव, मारबत त्यांची आहे. मग एका पानावर, मराठीत लिही: फाइल कुठे ठेवलीस, ती जागा बंद पडली तर नवी प्रत देशील का, छापायचा हक्क देणार की नाही, एकूण किती टोकनं काढणार. ते पान पहिल्यांदा बाबांना वाचायला दे. ते जिथे अडतील, तिथे गिऱ्हाईकही अडणार.

तुझा,
काका