दुखणे रोजचे आणि हात तंग: सवलतीचे उपचार मागायचे कसे?

“दुखणे एकवेळ सोसते, पण डॉक्टरांकडे जायचे म्हटले की आधी पैशांचा हिशेब समोर येतो. मग जातच नाही.” समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून ऐकत आले आहे. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या स्वस्त दवाखान्याचा पत्ता हवा असतो. तो मी देतेच. मात्र बरीच माणसे पत्ता मिळण्याच्या आधीच, आपल्याला परवडत नाही हे तोंडाने सांगण्यापाशी अडतात, असा माझा अनुभव आहे. त्यातलाच एक अनुभव संबंधित बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

पंचेचाळिशीच्या या बाई शिवणकामावर घर चालवत होत्या. कंबरदुखी काही वर्षांची होती आणि अलीकडे डाव्या पायात कळ उतरू लागली होती. त्यांनी आणलेल्या पिशवीत कागदांचा मोठा गठ्ठा होता. त्यात वर्षभराच्या अंतराने, दोन वेगळ्या दवाखान्यांच्या सांगण्यावरून काढलेले कमरेचे दोन एमआरआय होते आणि दोन्हींचा निष्कर्ष जवळजवळ शब्दशः सारखा होता. डॉक्टर बदलला की सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होत असे, आणि उपचारांसाठी बाजूला ठेवलेला पैसा तपासण्यांतच संपून जाई. शिवाय अहवालातले ‘चकतीची झीज’ (मणक्यांमधल्या गादीची झीज) हे शब्द वाचून त्या धास्तावल्या होत्या. कंबर मुळीच दुखत नसलेल्या लोकांच्या तपासणी-चित्रांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत अशी झीज आढळली होती. मी डॉक्टर नाही, त्यामुळे अहवालाचा अर्थ लावणे माझ्या अधिकारात बसत नाही. परंतु नवी तपासणी सुचवली गेली की ‘हिच्या निकालाने माझे उपचार बदलणार आहेत का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, एवढे मी त्यांना आवर्जून सांगितले.

मोठ्या रुग्णालयात सवलत मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पूर्वी एकदा त्या गेल्या होत्या. पैसे भरण्याच्या खिडकीवर त्यांनी अडचण सांगितली, खिडकीतल्या माणसाने रांगेसमोर आवाज चढवला आणि त्या केसपेपर तसाच हातात घेऊन परतल्या. हा अपमान मी किरकोळ मानत नाही. दुखणाऱ्या शरीराने तासभर उभे राहिलेल्या माणसाला तो फार लागतो. मात्र सवलतीचा निर्णय सहसा त्या खिडकीत होत नाही. त्यासाठी अनेक मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाचे वेगळे पद असते. घरची परिस्थिती समजून घेतल्याशिवाय औषधोपचार तडीस जात नाहीत, या जाणिवेतून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये असे काम सुरू केले, आणि पुढे ते रुग्णालयांच्या कामकाजाचाच भाग झाले. या समाजसेवकाकडे जाणे म्हणजे हात पसरणे नव्हे. ज्या कामासाठी तो नेमलेला आहे ते काम त्याला सांगणे होय.

आम्ही तेथे बोलायची वाक्ये बसून तयार केली: “मला उपचार पूर्ण घ्यायचे आहेत. माझे उत्पन्न एवढे आहे आणि पूर्ण शुल्क भरणे मला शक्य नाही. सवलतीसाठी अर्ज कोणाकडे करायचा आणि कोणती कागदपत्रे लागतील?” ‘शक्य नाही’ या शब्दांशी त्यांचा आवाज दर वेळी खाली जाई. म्हणून सरावाचा बराच वेळ आम्ही त्या दोन शब्दांवरच दिला.

दुसरे काम कागदाचे होते. दुखणे कधीपासून आहे, कशाने वाढते, कोणते काम थांबले आहे, आधी काय तपासले आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे सारे एका पानावर लिहायचे. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना मिळणाऱ्या थोड्या वेळात हे पान गठ्ठ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. “पंधरा मिनिटे मशीनवर बसले की डाव्या मांडीतून कळ निघते,” हे त्यांचे वाक्य “खूप दुखते” याहून कितीतरी नेमके होते. औषधे लिहिताना लक्षात आले की त्या घेत असलेल्या दोन गोळ्यांची नावे वेगळी असली, तरी घटक एकच होता. जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकणारी वेदनाशामके अशी नकळत दुप्पट घेतली जाणे धोक्याचे असते, म्हणून ती नोंद आम्ही पानाच्या सर्वांत वर आणली.

कमी खर्चाचे उपचार म्हणजे कमी प्रतीचे, ही समजूत दीर्घकालीन वेदनेच्या बाबतीत तर फारच नुकसान करते. ठरावीक आजारातून न उद्भवलेल्या जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात रुग्णाला नीट माहिती देणे, व्यायाम आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांना स्थान आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) यांची मात्र शिफारस नाही. या बाईंनी नेमका त्या दोहोंवरच बराच खर्च केला होता. देखरेखीखाली शिकवलेला व्यायाम फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत अनेकदा अल्प शुल्कात मिळतो, आणि औषध जेनेरिक नावाने, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी घटकाच्या नावाने लिहून द्या, अशी विनंती कोणत्याही डॉक्टरांना करता येते.

काही लक्षणे असतील तर मात्र सवलतीची वाट पाहू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे आणि पायांतील शक्ती कमी होत जाणे यांपैकी काहीही झाले तर थेट अपघात विभाग गाठावा. कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा कारणाशिवाय वजन घटत असेल, तर तेही डॉक्टरांना विनाविलंब सांगावे.

बाईंचा सवलतीचा अर्ज एका कागदासाठी परत आला, नंतर मंजूर झाला. दुखणे गेलेले नाही. पण आता त्या एकाच रुग्णालयात, एकाच केसपेपरवर जातात, शिकवलेला व्यायाम करतात आणि मशीनवरून ठरावीक वेळाने उठतात. पुढच्या भेटीसाठी त्यांनी पानाच्या मागे दोन प्रश्न लिहिले आहेत: रात्रीची गोळी किती दिवस घ्यायची, आणि कळ वाढलेल्या दिवशी व्यायाम थांबवायचा की कमी करायचा.