२०९० च्या मुंबईवरच्या टेबलटॉप खेळात सुपरपॉवर आणि भविष्यातलं तंत्रज्ञान नियमांत कसं बसवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०९० सालची मुंबई, अर्धं शहर पाण्यात, चार खेळाडू. एकाला उडता येतं, एकीला मन वाचता येतं, एकाचा हात यांत्रिक आहे आणि चौथ्याकडे लेझर गन. प्रत्येकासाठी वेगळे नियम लिहायला घेतलेत आणि वही भरत आली तरी काम संपेना. फासा तुम्ही डी२०, म्हणजे वीस बाजूंचा, धरला आहे. मी मुंबईतच बरीच वर्षं असे खेळ जीएम (गेम मास्टर, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणारा) म्हणून चालवतो आहे आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती वही बंद करा. हा गुंता १९८१ साली 'चॅम्पियन्स' या खेळाने सोडवून ठेवला आहे. जॉर्ज मॅकडोनल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी त्यात एक साधी गोष्ट केली: शक्ती दिसते कशी आणि खेळात करते काय, हे दोन हिशोब वेगळे ठेवले. लांबून मारा करायचा असेल तर ती 'एनर्जी ब्लास्ट', दर सहा बाजूंच्या फाशाला ५ पॉइंट (पात्र बनवताना खेळाडू याच पॉइंटांनी शक्ती विकत घेतो). डोळ्यांतून आग निघते, बोटांतून वीज निघते की गनमधून लेझर, हे खेळाडूने ठरवायचं आणि त्याचे वेगळे पॉइंट नाहीत. नियम एकच.

मग गन आणि अंगची शक्ती यांत फरक काय? गन हिसकावता येते. चॅम्पियन्समध्ये उघड दिसणाऱ्या, हातातून काढून घेता येणाऱ्या वस्तूला १ चा तोटा धरतात आणि मूळ किंमतीला (१ + तोटा) ने भागतात. दहा फाशांचा मारा म्हणजे ५० पॉइंट. आगवाल्याला ५० मोजावे लागतात, गनवाल्याला २५. सुपरपॉवर आणि तंत्रज्ञान एकाच तराजूत तोलायची याहून स्वच्छ रीत मला अजून सापडलेली नाही. त्याच खेळातला दुसरा नियमही उचला: जो तोटा प्रत्यक्षात आड येत नाही, त्याला सूट नाही. 'पाण्यात चालत नाही' हा तोटा राजस्थानातल्या कथेत फुकटची सवलत ठरेल. तुमच्या मुंबईत, जिथे हिंदमाता बारा महिने बुडालेलं आहे, तिथे तो पुरेपूर तोटा आहे.

आता आकड्यांची मोजपट्टी. साधा माणूस १०० किलो उचलतो आणि नायक १०० टन, तर दोघांना एकाच पट्टीवर कसं बसवायचं? दुपटीने. चॅम्पियन्समध्ये ताकद १० म्हणजे १०० किलो आणि पुढे दर ५ गुणांना दुप्पट. ताकद ३० ला १.६ टन, म्हणजे मोटारगाडी; ४५ ला १२.८ टन, म्हणजे प्रवाशांसकट एखादी बस; ६० ला शंभर टनांच्या वर. १९८५ च्या 'डीसी हीरोज' या खेळामध्ये ग्रेग गॉर्डन यांनी तर वजन, अंतर, वेळ सगळंच दुपटीच्या एका पट्टीवर आणलं. शून्य म्हणजे अंतरात १० फूट आणि वेळेत ४ सेकंद. एक गुण वाढला की दुप्पट. त्यामुळे भागाकाराची वजाबाकी होते. चर्चगेट ते वसई साधारण ५० किलोमीटर, म्हणजे अंतर १४. उडणाऱ्याचा वेग ८. चौदातून आठ गेले, सहा राहिले. वेळेचे सहा म्हणजे २५६ सेकंद, सव्वाचार मिनिटं. टेबलावर कोणी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढत नाही आणि उत्तर बरोबर येतं. मला हे फार सुंदर वाटतं.

माऱ्याचा समतोल राखणं त्या मानाने सोपं. 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स' या खेळाच्या २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत पॉवर लेव्हल (पात्रांच्या ताकदीची एकूण पातळी) १० असेल तर नेम आणि घाव यांची बेरीज २० च्या वर जाऊ देत नाहीत. नेम १२ हवा तर घाव ८, घाव १२ हवा तर नेम ८. ही मर्यादा जशीच्या तशी घ्या आणि पुढे चला.

खरी कसोटी तुमच्या मन वाचणारीची आहे. समजा कथा अशी: वरळीची समुद्रभिंत कोणी फोडली? ती चार संशयितांच्या मनात डोकावते आणि दहा मिनिटांत कथा संपते. अशा वेळी बरेच जीएम सगळ्या खलनायकांच्या डोक्यावर मन वाचता न येणारं हेल्मेट चढवतात. मला ते मुळीच पटत नाही. खेळाडूने त्या शक्तीचे पॉइंट मोजलेत, ती चालायलाच हवी. फक्त ती काय देते हे आधी नेमकं लिहा. माझ्या टेबलावर मन वाचलं की समोरचा माणूस त्या क्षणी जो विचार करतोय तेवढाच मिळतो, एका रोलला (फासे टाकण्याला) एक. तो माणूस जे खरं मानतो ते चुकीचंही असू शकतं. आणि आसपास मनं जास्त असली तर हवं ते मन वेगळं काढणं कठीण जातं: संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर रोलमधून मोठी वजावट, पहाटे रिकाम्या गच्चीवर काहीच नाही.

एकदा एक खेळाडू गोदामाच्या वॉचमनच्या मनात शिरली. तिला मिळालं ते एवढंच: या महिन्याचा पगार झालेला नाही आणि मुलीची फी भरायची आहे. गुन्हेगाराचं नाव नाही, नकाशा नाही. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, याचा पगार देतं कोण? पुढचं सगळं सेशन त्या एका प्रश्नामागे धावलं. शक्तीने कथा संपवली नाही, पुढे ढकलली. माहिती देणाऱ्या आणि अंतर खाणाऱ्या प्रत्येक शक्तीला मी आता हीच कसोटी लावतो.

तंत्रज्ञानाचं वेगळं आहे. शक्ती एकट्याची असते. यंत्र ज्याच्याकडे पैसे त्याचं. म्हणून यंत्राचा नियम लिहिताना त्याने शहराचं काय होतं ते बघावं लागतं. मार्क मिलर यांच्या १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या खेळामध्ये अवकाशयानाची जंप, म्हणजे ताऱ्यांमधली उडी, १ पार्सेकची (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं एकक) असो की ६ ची, साधारण एक आठवडा लागतो आणि यानापेक्षा वेगाने संदेश पाठवायची सोयच नाही. एवढ्या एका मर्यादेतून अख्खं विश्व उभं राहतं: राजधानीचा हुकूम पोचायला महिने लागतात आणि दूरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावे लागतात. तुम्हीही यंत्रांची यादी लांबवू नका. दोन-तीनच निवडा आणि प्रत्येकाला काय जमत नाही ते आधी ठरवा. उडत्या टॅक्सी असतील तर लोकलने कोण जातं? गर्ड्‌प्समध्ये (कुठल्याही काळाच्या कथेला चालणारा नियमसंच) तंत्रज्ञानाच्या ० ते १२ अशा पातळ्या आहेत, आपला काळ ८. तुमच्या शहरात एकच पातळी ठेवू नका. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल, कंपन्यांच्या कचेऱ्यांचा भाग) १०, बाकी शहराला ९, असं करून बघा. वरच्या पातळीचं यंत्र बिघडलं की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुरुस्तीचा रोल एका पायरीने कठीण. खेळाडू त्या दुकानदाराशी दोस्ती करतील, आणि तुम्हाला न मागता एक पात्र मिळेल.

यांत्रिक हाताबद्दल माझं मत ठाम आहे. १९८८ च्या 'सायबरपंक'मध्ये अवयव बसवले की माणुसकीचा आकडा घटतो. १९८९ च्या 'शॅडोरन'मध्ये ६ पासून सुरू होणारा 'इसेन्स' हा जीवनशक्तीचा आकडा घटतो आणि त्याबरोबर जादूही. यंत्र आणि शक्ती यांतलं एक निवडायला लावणारा शॅडोरनचा नियम हुशार आहे. पण ज्या देशात १९६८ पासून जयपूर फूट लावून माणसं चालतात, झाडावर चढतात, तिथे कृत्रिम हाताने माणूसपण कमी होतं असा नियम मी टेबलावर आणणार नाही. २०२० च्या 'सायबरपंक रेड'ने वैद्यकीय गरजेच्या अवयवांना ही घट लावणं बंद केलं, ते योग्यच झालं. तुमच्या खेळाडूच्या हाताला दुसरे तोटे द्या: बॅटरी, खारी हवा, कंपनीने हप्ता थकल्यावर लावलेलं कुलूप.

शेवटी फासे. तुम्ही डी२० म्हणता. त्यावर १ आणि २० सारख्याच वेळा येतात, आणि ज्याची ती अंगची शक्ती आहे तोच उगाच तोंडघशी पडतो. गर्ड्‌प्ससारखे तीन सहाचे फासे टाकून आकड्याच्या आत राहायचं ठेवलं तर कौशल्य १० ला बरोबर ५० टक्के, १४ ला जवळजवळ ९१ आणि १६ ला ९८ टक्के यश मिळतं. डी२० च हवा असेल तर निदान रोजच्या कामाला रोल मागू नका. उडणाऱ्याने या गच्चीवरून त्या गच्चीवर जायला फासा टाकू नये. जुलैच्या पावसात, कडेवर माणूस घेऊन, वरळीच्या वाऱ्यात उडायचं असेल तर जरूर टाकावा.