नियम उठले, मुलाला कोणी सांगितले?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. तो पहिलीत गेला तेव्हा शाळा मोबाईलवर होती. डिसेंबर २०२१ मध्ये वर्ग उघडले, तेव्हा एका बाकावर एकच मूल, डबा आपापल्या जागेवर खायचा आणि मैदानावर जायचे नाही, असे नियम होते. आता त्यातले काहीच उरलेले नाही. तरी तो मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून एकटाच डबा खातो आणि घरी आला की कोपरापर्यंत हात धुतो, मग पुन्हा धुतो. गेल्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली म्हणून शाळेने मुलांना काही दिवस लांब लांब बसवले, तेव्हा बाकीचे पोट्टे वैतागले आणि हा मात्र खुशीत होता. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की सुटेल. एप्रिल २०२१ मध्ये माझे सासरे कोरोनाने गेले. त्या दोघांची फार गट्टी होती. हा शाळेच्या नियमांचा परिणाम असेल का? पालकसभेत मी अशा नियमांना विरोध करावा का?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : सासऱ्यांचा उल्लेख आपण शेवटी, जाता जाता केला आहे, मला मात्र तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. एप्रिल २०२१ ने नागपुरात काय केले, हे इथल्या कोणत्याही घराला सांगावे लागत नाही. त्या दिवसांत घरोघरी लहान मुलांना एक वाक्य हमखास ऐकवले जाई : ‘आजोबांजवळ जाऊ नकोस, तुझ्यामुळे त्यांना होईल.’ सल्ला चुकीचा नव्हता, कारण मुलांचा आजार बहुधा सौम्य असला तरी त्यांच्याकडून तो वृद्धांपर्यंत पोहोचू शकत होता. परंतु पाच-सहा वर्षांचे मूल घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे कारण स्वतःतच शोधते. आई रागावली ती आपल्यामुळे, बाबा उशिरा आले तेही आपल्यामुळे. असे वाक्य ऐकलेल्या मुलाचे आजोबा खरोखरच गेले आणि पुढे काही महिन्यांनी शाळेनेही त्याला ‘कोणाजवळ बसू नकोस’ असेच सांगितले, तर त्याने मनाशी कोणता हिशेब मांडला असेल, याची चौकशी आजवर कोणी केली आहे का? आपल्या मुलाच्या बाबतीत तसेच झाले आहे, असे मी पत्रावरून म्हणणार नाही. काही मुले मुळातच एकलकोंडी असतात, आणि त्यांचे खापर कोरोनावर फोडण्यात अर्थ नसतो. पण विचारून पाहायला हवे. समोर बसवून नव्हे, तर मटार सोलताना किंवा स्कूटरवर मागे बसलेला असताना सहज विचारावे की, आजोबा आजारी पडले तेव्हा ते कशामुळे झाले असे तुला वाटले होते? त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे आणि त्यानंतरच त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे की, तुझ्यामुळे काहीही झालेले नाही.

शाळेच्या नियमांबाबत माझे मत असे की, ते लावण्यात जेवढी तत्परता होती, तेवढी ते उठवण्यात नव्हती. लावताना फलक होते, जमिनीवर पांढरे गोल होते, पालकांच्या गटावर रोज सूचना येत होत्या. महाराष्ट्राने २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, निर्बंध उठवून मास्क ऐच्छिक केला, तेव्हा मोठ्यांनी बातमी वाचली आणि मास्क खुंटीला अडकवले. पहिलीतल्या मुलांना मात्र ‘आता मित्राला खेटून बसलेले चालते, त्याच्या डब्यातला घास घेतलेला चालतो’ असे कोणी मुद्दाम सांगितल्याचे फारसे ऐकिवात नाही. बहुतेक मुलांनी ते एकमेकांना पाहून ओळखले. ज्यांना ते जमले नाही, ती त्याच नियमांत राहिली.

सगळे नियम एकाच मापाने मोजता येत नाहीत. हात धुण्याने कोणाचे बालपण हिरावले गेले नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते, तरी आपल्याकडे बालवाडीतल्या मुलांच्या तोंडावर ते दिसतच होते. प, ब, म शिकवताना बाईंचे ओठ दिसत नव्हते, ही अडचण खरीच, आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलांना तिचा सर्वाधिक जाच झाला. शाळा बंद राहण्याची किंमत याहून कितीतरी मोठी होती. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. पण मुले एकत्र आल्यानंतरही त्यांना एकमेकांपासून तोडणारे जे नियम होते, त्यांचा वळ मनावर उमटला. खेळात कट्टी होते, बट्टी होते, डाव कोणावर यावा यावरून भांडण होते. हे सारे त्याच वयात शिकायचे असते.

डोळ्यांच्या साथीत आपला मुलगा खुशीत होता, ही खूण मला महत्त्वाची वाटते. ज्याची भीती वाटते ते टळले की बरे वाटते, आणि बरे वाटते म्हणून ते पुन्हा टाळावेसे वाटते. अशाने भीती वाढतच जाते. त्यामुळे ‘मोठा झाला की सुटेल’ यावर विसंबू नये. एकदम घोळक्यात लोटण्याऐवजी वर्गातले एकच मूल घरी बोलवावे आणि एका ताटात चिवडा द्यावा. तान्ह्या पोळ्याला शेजारच्या एखाद्या मुलासोबत लाकडी बैल घेऊन त्याला गल्लीत पाठवावे. बोजाऱ्यासाठी, म्हणजे त्या दिवशी दारोदारी मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठी, चार दारे ओलांडताना बोलणे आपोआप होते. वर्गशिक्षिकेला सांगून जोडीने करायचे एखादे काम त्याला मिळवून द्यावे. हात धुताना अडवले तर तो कासावीस होत असेल, कातडी फाटेपर्यंत धूत असेल किंवा ‘धुतले नाही तर कोणीतरी मरेल’ असे म्हणत असेल, तर मात्र बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते.

पालकसभेत सरसकट विरोध करू नये. प्रत्येक नियमाबाबत दोन गोष्टी विचाराव्यात : तो कोणत्या तारखेला संपणार, आणि तो संपल्याचे मुलांना कोण सांगणार?

प्रश्न : पुन्हा साथ आली, तर आमच्या लहानशा शाळेने काय करावे आणि काय टाळावे?
– एक शिक्षिका, हिंगणा

उत्तर : आधी रोग कशाने पसरतो ते पाहावे. डोळ्यांची साथ मुख्यतः हातांमधून आणि रुमालांमधून पसरते. तिथे बाके लांब केल्याने फारसे साधत नाही, साबण आणि आजारी मुलाची रजा अधिक उपयोगी पडते. कोरोना प्रामुख्याने हवेतून पसरत होता, तरी बाके पुसण्यात आपण वेळ घालवला आणि हिवाळ्यातल्या सकाळच्या शाळेत खिडक्या मात्र बंदच ठेवल्या. आपल्याकडचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून तो सुरू असताना समोरची खिडकी उघडी ठेवल्यास थंडावाही मिळतो आणि हवाही बदलते. एसीच्या बंद खोलीत तीच हवा फिरत राहते. आजारी मुलाच्या हजेरीवरून गुण किंवा बक्षीस कापू नये, नाहीतर पालक ताप उतरवून मुलाला शाळेत पाठवतात. मोकळ्या मैदानावरचा खेळाचा तास बंद करू नये. अगदीच गरज पडली, तर तो सगळ्यात शेवटी बंद करावा आणि सगळ्यात आधी सुरू करावा.